वाळूची नखं

आमच्या व्हायल्ला गावातली माझी शेजारीण लोरेल दुकानाच्या गल्ल्यावर बसते, पण नखं कायम रंगवलेली. तिची आई वृद्धाश्रमात आहे. तिला दिसत नाही, ऐकूही येईनासं झालंय. हात चाचपून ती माणूस ओळखते, पण हल्ली लोरेलला नर्सच समजायची.

म्हणून लोरेलने वाळूसारखं खरखरीत वाळणारं नेलपॉलिश आणलं. गेल्या रविवारी एका नखाला लावून आईला दाखवून आली. म्हातारीने ते नख कितीतरी वेळ कुरवाळलं आणि लेकीला ओळखलं.

या रविवारी माझ्याच स्वयंपाकघरात बसून तिने दहाही नखं रंगवली आणि सवयीने वरून चकाकीच्या पारदर्शक पॉलिशचा एक हात फिरवला. खरखरीतपणा पार बुजला.

"अगं बये, काय केलंस हे!" मी ओरडले.

पुसायला रिमूव्हर नव्हतं, दुकानं बंद झालेली आणि भेटीची वेळ टळत होती.

"असू दे गं. माझेच हात आहेत ना?" ती म्हणाली. मीही सोबत गेले.

म्हातारीने एकेक नख चाचपलं, मग लोरेलचा हात हळूच बाजूला सारला.

"नर्सबाई, जरा खुर्ची मोकळी करता का? आज माझी लेक यायचीय."