तव्यावरची मिश्री

चौथीनंतर लिहायची सवय राहिली नाही. अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील, त्याबद्दल माफी असावी.

आज शेजारीण तव्यावर मिश्री भाजत होती. तंबाखूचा तिखट धूर नाकात गेला आणि रिहे गावातल्या आमच्या ओट्यावर आलेली कॅन्सर नोंदणीची बाई आठवली. सासूबाईंचं नाव तिला पुण्याच्या दवाखान्यातून मिळालं होतं. त्यांना तोंडाचा कॅन्सर होता. हा आजार कुठल्या भागात जास्त होतो, कशानं होतो, हे कळावं म्हणून ती गावोगाव फिरून माहिती लिहून घ्यायची.

"आजी, मिश्री लावता का?" तिनं विचारलं.

"सोडली कवाच," मीच घाईनं म्हणाले. आत चुलीवर तवा तापलेला होता आणि मिश्रीचा धूर ओट्यापर्यंत येत होता. बाईनं आधी धुराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

सासूबाई सुजलेल्या गालावर पदर धरून हसल्या. "खोटं कशाला सांगतीस गं? लिव्ह बाई, लावते म्हनून. ही रोज भाजून देती. लई झ्याक भाजती, माझ्या आयला बी अशी जमली न्हाई."

बाईनं खाली मान घालून लिहिलं. दुखायला लागलं की सासूबाई मिश्री मागायच्या आणि मला नाही म्हणवायचं नाही.

माझ्या हाताचं कौतुक त्यांनी तेवढं एकदाच केलं. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेव्हा परक्या बाईसमोर लाज वाटली होती. आता वाटते ती याची, की ते ऐकून मला आतून बरं वाटलं होतं.