दोनशे साठ बीपीची व्हॅन

प्रेमानंद गजभिये हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पाइप तपासत आला होता. पाइपात पाणी भरायचं, दाब चढवायचा, काट्याकडे बघत दहा मिनिटं उभं राहायचं, आणि काटा जागचा हलला नाही तरच पाइप पास करायचा. ही सवय त्याच्यासोबत घरीही आली. बायको माया म्हणाली की चहा गरम आहे, तर तो कपात थर्मामीटर बुडवी. डॉक्टरने बीपी जरा जास्त आहे असं सांगितलं तेव्हा त्याने काट्याचं यंत्र विकत आणलं, कारखान्यातल्या गेजशी ताडून पाहिलं, आणि ते खरं बोलतंय याची खात्री पटल्यावरच पहिली गोळी घेतली.

त्याच्या दारात पंचवीस वर्षांची पांढरी व्हॅन होती. फेब्रुवारीत एका लग्नाला जाताना, सात माणसं आणि आहेराची भांडी घेऊन, ती रेल्वेच्या पुलावर अर्ध्यात थांबली. बंद पडली असती तर प्रेमानंदला एवढं लागलं नसतं. इंजिन चालू होतं, तो पाय दाबून होता, आणि तरी व्हॅन जागची हलत नव्हती. सगळे उतरून ढकलू लागले. तेवढ्यात मायाचा थोरला भाऊ मनोहरराव नव्या गाडीतून बाजूने गेला. त्याने काच खाली केली, हात हलवला आणि काच वर केली.

तो हात प्रेमानंदला पुढे कित्येक दिवस जेवताना दिसत राहिला.

महिन्याभरात त्याने भंगारातल्या एका डिझेल गाडीचा टर्बो मिळवला. टर्बोचं काम सोपं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुराने एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. अवघड असतं ते त्यांचं प्रमाण जुळवणं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आतून टकटक करतं आणि पिस्टन वितळतो. जास्त झालं तर काळा धूर सोडत बसतं. हवेचा दाब मोजायला गेज हवा होता. घरात खात्रीचा गेज एकच होता. त्याने बीपीच्या यंत्राची नळी इंजिनाला जोडली आणि काटा आरशाला टांगला.

"आता तुमचं बीपी कशावर मोजायचं?" मायाने विचारलं.

"माझं स्थिर आहे," प्रेमानंद म्हणाला. "हिचं पाहू दे."

पण नुसत्या उभ्या गाडीत काटा हलेना. टर्बो जागा व्हायला इंजिनावर भार लागतो, आणि तोही एकसारखा, दहा-दहा मिनिटं. नागपूरच्या रस्त्यावर दहा मिनिटं एकसारखं काहीच मिळत नाही. दर दोनशे पावलांवर गतिरोधक, नाहीतर गाय, नाहीतर कुणाचा मांडव.

एप्रिल लागला आणि मायाच्या चक्कीची मोटर जळाली. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ती गहू दळून द्यायची, आणि उन्हाळ्यात आख्ख्या वस्तीची वर्षभराची मिरची कांडून द्यायची. मोटर वाइंडिंगला गेली. शेडमध्ये भिवापुरी मिरचीची एकवीस पोती वाट पाहत पडली, आणि त्यांच्यापुढे स्टूल टाकून तुळसाबाई बसली. सत्तरीच्या या म्हातारीला आपली मिरची डोळ्यासमोरच कांडून घ्यायची असे.

प्रेमानंदने पोत्यांकडे पाहिलं, कांडपयंत्राच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि व्हॅन रिव्हर्समध्ये शेडपर्यंत आणली. मागचं एक चाक दगड लावून अडवलं, दुसरं काढून त्या जागी पुली बसवली, खाली लाकडी ओंडके दिले आणि पट्टा चढवला. व्हॅन सुरू केली, चौथ्या गिअरमध्ये टाकली. मिरची कांडली जाऊ लागली. आरशाला टांगलेला काटा व्हॅनला जोडल्यापासून पहिल्यांदा शंभरावर गेला.

त्या दिवसापासून रोज ड्यूटीवरून आल्यावर एक पोतं. पोतं संपलं की तो इंजिनाचा प्लग काढून उजेडात धरी. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त. त्याला हवा होता चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. मग कार्बोरेटरचं पेट्रोलचं भोक केसभर मोठं करायचं आणि पुढचं पोतं. वहीत तो लिही: 'पोतं सहा, दाब एकशे ऐंशी, प्लग पांढरट, तिखट जाडसर.' शेवटचा रकाना तुळसाबाईचा होता. ती चिमूटभर तिखट बोटांत चोळायची आणि निकाल द्यायची.

"आज आवाज पातळ येऊन राहिला गा प्रेमानंदा," ती एकदा म्हणाली. "भुकेल्या माणसासारखा."

त्याने प्लग काढला. पांढराफटक. तेव्हापासून तो आधी तुळसाबाईला विचारी आणि मग प्लग पाही.

शेवटचं पोतं उरलं तो सुट्टीचा दिवस होता. लक्ष्य होतं दोनशे साठ, आणि काटा दोनशे चाळीसच्या वर जाईना. प्रेमानंदने हवेच्या तोंडावरची जाळी आणि तिला गुंडाळलेला मायाचा जुना दुपट्टा काढून टाकला, आणि आवाज ऐकायला व्हॅनखाली शिरला.

त्याच वेळी मनोहररावचा फोन आला. शेडमध्ये गदारोळ. माया ओरडून बोलली, "दादा, आता बोलता येत नाही मले. बीपी दोनशे चाळीसवर गेलं. दोनशे साठ झालं का मग बंदच करायचं म्हणतात ते."

फोन कटला.

इकडे उघड्या तोंडाचा टर्बो शेडमधली उडणारी मिरची ओढू लागला. ती इंजिनात जळून सायलेन्सरमधून गल्लीत निघाली. असा खकाणा त्या वस्तीने कधी पाहिला नव्हता. वीस मिनिटांत घराघरातून माणसं बाहेर आली, पदर, टॉवेल, जे हाती लागेल ते डोळ्यांना लावून. पण मिरची निम्मीच झाली होती, आणि मधे थांबवू द्यायला तुळसाबाई तयार नव्हती.

मनोहरराव बायकोला घेऊन गल्लीत पोचला, तेव्हा दोन्ही बाजूंना लोक रडत उभे होते. घरामागे पांढरी गाडी लागली होती. त्याची बायको वच्छला तिथेच मोठ्याने रडायला लागली.

"आता रडून काय होते वं," नाकाला पदर लावून तुळसाबाई म्हणाली. शेवटची ओंजळ तिने नुकतीच यंत्रात टाकली होती. "सपलं सगळं."

मनोहररावला व्हॅनखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने ते पाय धरले.

"जवाईबापू, मी त्या दिवशी पुलावर थांबलो नाही जी," तो हुंदके देत म्हणाला. "थांबायले पाहिजे होतं. मले माफ करा."

पाय थोडे हलले.

"मनोहरराव, पाय सोडा," खालून आवाज आला. "काटा किती दाखवून राहिला ते सांगा."

मनोहररावने डोळे पुसले, उठून आरशाकडे पाहिलं. "दोनशे साठ."

"हलून राहिला का?"

"नाही."

"दहा मिनिटं पाहत राहा. मायाले सांगा, अजून एक पोतं टाक."

"पोती सपली म्हणतात," मनोहरराव म्हणाला. तुळसाबाईने मात्र तिखट चोळून पाहिलं, आणि आणखी एकदा बारीक करायला म्हणून ते सगळं परत यंत्रात ओतलं. पुढची दहा मिनिटं नाक गाळत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, मनोहररावने काट्यावरची नजर काढली नाही. प्लग निघाला तो बिस्किटाच्या रंगाचा. प्रेमानंदने तो आधी मनोहररावच्या हातावर ठेवला, कारण एवढा वेळ काटा पाहणारा माणूस त्याला घरात पहिल्यांदाच भेटला होता.

चाक परत बसवून व्हॅन एकदा पुलावरून नेऊन आणली. ती तिसऱ्या गिअरमध्ये चढली, माणसं आठ होती. पण परत आल्या आल्या मायाने चाक काढायला लावलं. मोटर दुरुस्त होऊन आली होती, तरी बायका 'गाडीवरची मिरची' मागू लागल्या होत्या. प्रेमानंदने हवेचं तोंड लांब नळीने शेडबाहेर काढलं, सायलेन्सर छपराच्या वर नेला, आणि कारखान्यात बढतीची मुलाखत होती त्या दिवशी रजा टाकली, कारण जरीपटक्याहून चार पोती येणार होती.

मे महिन्यात करिष्मा नावाची दातांची डॉक्टर आपली शर्यतीची गाडी घेऊन आली. तिने नवा टर्बो बसवला होता आणि इंजिन जुळवून देणारा माणूस शोधत होती. बाहेरगावी त्यासाठी मोठी यंत्रं असतात, ती म्हणाली, इथे तुमचं नाव ऐकलं.

प्रेमानंदने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, मान डोलावली.

"होऊन जाईल. मिरची किती आणली?"

मिरची आणावी लागते हे करिष्माला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पाच पोती घेऊन आली. तुळसाबाईने एक पोतं उघडलं, मूठभर मिरच्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"देठं कोण काढणार?"

डॉक्टरीणबाईंनी गॉगल डोक्यावर चढवला, दवाखान्यातले हातमोजे घातले, आणि त्या तुळसाबाईशेजारी पोत्यावर बसल्या. दात उपटणाऱ्या हाताला देठ उपटायला वेळ लागला नाही. पण पोती पाच होती, आणि प्रेमानंदने पट्टा चढवेपर्यंत संध्याकाळ झाली.