सरावापुरती डावखुरी

फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या हॉलमध्ये सकाळच्या बॅचच्या मुलांना बॅडमिंटनची सर्व्हिस शिकवत होते. राष्ट्रीय शिबिराचे मुख्य प्रशिक्षक स्वतः बोलत होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "तू डाव्या हातानं खेळतेस ना? उंची किती तुझी?" मी कशी खेळते, हल्ली कुठली स्पर्धा खेळले, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. उंची सांगितल्यावर म्हणाले, "चालेल. सोमवारी पोहोच."

काम असं होतं. अनेक देशांची, सगळ्या खेळांची ती मोठी स्पर्धा, जिला आमच्याकडे सगळे सरळ गेम्स म्हणतात, जवळ आली होती. आपली पहिल्या क्रमांकाची खेळाडू एका परदेशी डावखुऱ्या मुलीकडून पुन्हा पुन्हा हरत होती. गेम्समध्ये दोघींची गाठ पडणार, असं सगळ्यांनी धरलंच होतं. म्हणून शिबिरात रोज तिच्यासमोर उभी राहायला एक डावखुरी हवी होती. "संघाबरोबर गेम्सलाही नेऊ तुला, तिथंही सराव लागेलच," असं सर म्हणाले.

मी राज्य पातळीवर बरी खेळायचे, राष्ट्रीय स्पर्धेत दोन-तीन फेऱ्या काढायचे, त्यापुढं कधी गेले नव्हते. त्यामुळं मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला सांगून टाकलं. आई तेवढं म्हणाली, "म्हणजे तू खेळणार ना तिथं?"

"खेळणार नाही गं. सरावाला समोर उभी राहणार."

"सरावाला म्हंजे?" वडील मध्येच म्हणाले. "पलटणीबरोबर जो जातो तो पलटणीचाच असतो. टीमबरोबर हाय म्हंजे टीममधीच हाय."

दोघांनाही समजावता समजावता मी दमले आणि नाद सोडला. तिथंच नीट समजावून सांगायला हवं होतं, असं पुढं फार वाटलं.

शिबिरात पहिल्याच संध्याकाळी सरांनी मला त्या परदेशी मुलीचे सामने दाखवले. मग रोज तेच. ती सर्व्हिसच्या आधी रॅकेट दोनदा फिरवते, मागच्या कोपऱ्यातून स्मॅशचा आव आणून शटल हळूच जाळ्याजवळ टाकते. शटलची पिसं एकावर एक एकाच दिशेनं चढवलेली असतात, त्यामुळं डाव्या हातानं कापून मारलेलं शटल उजव्या हाताच्या खेळाडूला सवय नसते तसं पडतं. त्याचाच ती फायदा घेते. मी हे सगळं जसंच्या तसं करायचं होतं.

माझा खेळ अगदी उलटा. मला मारून जिंकता येत नाही. शटल उंच, मागच्या रेषेपर्यंत टाकत राहायचं, समोरचीचा दम काढायचा आणि तिची चूक होईपर्यंत धीर धरायचा, असं मी खेळत आले. अजिंक्यताऱ्याचा चढ लहानपणापासून रोज पळत चढल्यामुळं मला दम कमी लागतो, हीच माझी एक जमेची बाजू. सरांनी ती पहिल्या दिवशीच बाजूला काढली. "तुझा खेळ इथं कुणाला नकोय. तू ती आहेस असं समजून खेळ."

आठवडाभरात हॉलमध्ये मला सगळे त्या परदेशी मुलीच्याच नावानं हाक मारायला लागले. आधी गंमत वाटली. नंतर जेवणाच्या रांगेतही कुणी त्या नावानं हाक मारली की मी वळून बघायला लागले, आणि मग मात्र माझं मलाच कसंतरी व्हायला लागलं.

आपल्या त्या खेळाडूला सगळे दीदी म्हणायचे, मीही म्हणायचे. ती कमी बोलायची. सराव संपला की न चुकता हात जोडून "थँक यू" म्हणायची आणि बर्फाच्या पिशव्या गुडघ्याला बांधून कोपऱ्यात बसायची. चांगली होती. पण सरावात माझ्याकडं बघताना ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या दुसरीला बघत होती.

एकदा आमचा पूर्ण गेम लागला. शेवटपर्यंत बरोबरी चाललेली. शेवटच्या गुणाला दीदीनं मला मागच्या कोपऱ्यात अडकवलं आणि माझ्या हातानं विचार न करता उंच लिफ्ट टाकली, अगदी मागच्या रेषेवर. तिनं घाईनं मारलं ते जाळ्यात. मी जिंकले. इतक्या मोठ्या खेळाडूविरुद्ध मी जिंकलेला तो एकच गेम. मी हसत वळले, तर सर उभे राहिलेले.

"हे काय होतं?"

"सर, पॉइंट..."

"ती मुलगी असं शटल टाकते? कधी टाकलं होतं सांग मला. तू हिची सवय बिघडवतेयस. जिंकायला बोलावलंय का तुला?"

दीदी जाळ्यापलीकडं टॉवेलनं तोंड पुसत होती. तिनं वर बघितलं नाही. सरांनी तो गुण पुन्हा खेळायला लावला. मी स्मॅश मारला, बाहेर गेला. सर म्हणाले, "हां, आता बरोबर."

त्यानंतर मी तशी लिफ्ट टाकली नाही. जाळ्यापलीकडून तसं शटल आलं की हात वर जायच्या आत आवरायला शिकले.

निघायला थोडे दिवस राहिले तेव्हा सगळ्यांना जर्सी आणि बॅगा वाटल्या. माझं नाव आलंच नाही. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तिथले प्रवेशाचे पास कमी केलेत. वरूनच आलंय, माझ्या हातात काही नाही. सरावाच्या माणसांची सोय होणार नाही. तुझं काम छान झालं, आम्ही लक्षात ठेवू."

"पण नेणार म्हणाला होतात, सर."

"म्हणालो होतो. आता नाही जमत." आणि ते कुणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेले.

मी साताऱ्याच्या स्टँडवर उतरले, रिक्षात बसले, तेवढ्यात आष्ट्याच्या मामाचा फोन. मामाची शेती आणि खतांचं दुकान आहे, गावात ओळख मोठी. "आगं, चौकात फ्लेक्स लावलाय तुजा! लय भारी झालाय. तुजा फोटो, मागं झेंडा. यिऊन बघ तरी."

मी घरी न जाता तशीच रिक्षातून उतरले आणि एसटी धरून आष्ट्याला गेले. फ्लेक्सवर माझा कॉलेजच्या काळातला फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक चेहरे, त्यात मामाचा सगळ्यांत मोठा.

"मामा, हे उतरवा."

"का?"

"माझी निवड झालेली नाही. मी सरावाला होते. आणि आता सरावालाही नेत नाहीयेत."

दुकानात गिऱ्हाईक होतं, मामानं आधी त्याला पोतं काढून दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आता कसा उतरवायचा? लोकं इचारतील. राहू दे की स्पर्धा हुईस्तवर. कोण बघाय जातंय तिथं?"

"टीव्हीवर दिसतं सगळं. मी नाही दिसणार."

"मग काय, राखीवमदी हाय म्हणून सांगू. तू काय चोरी केलीस व्हय?"

"मामा, मी राखीवमध्येसुद्धा नाही!"

मी ओरडलेच. गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं, मग रस्त्यापलीकडच्या फ्लेक्सकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "व्हय, ह्याच न्हवं का त्या?" असं म्हणून त्यानं मला नमस्कार केला. मी मामीच्या हातचा चहाही न घेता निघून आले. फ्लेक्स काही उतरला नाही.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऑर्डर बदलती. फौजेत आमचं सामान गाडीत चढल्यावर बदलायची." एवढंच. मला वाटत होतं, ते चिडतील, कुणाला तरी फोन लावतील, निदान एखादी शिवी तरी देतील. ते उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. त्या शांतपणाचा मला सरांच्यापेक्षा जास्त राग आला.

गेम्स सुरू झाल्या. दीदीचा सामना असेल त्या वेळी टीव्हीवर नेमकं दुसरंच काहीतरी चालू असायचं, म्हणून मी मोबाइलवर बघायचे. पहिल्याच दिवशी बातमी आली, ती परदेशी डावखुरी पायाचा स्नायू दुखावून अर्ध्या सामन्यातून बाहेर पडली. जिच्यासारखं खेळायला मी शिकले होते, जिच्या नावानं मला हाक मारत होते, ती स्पर्धेतच उरली नाही. मी बातमी पुन्हा पुन्हा वाचली. शेजारचे काका म्हणाले, "मग बरंच झालं की! आता आपलं मेडल फिक्स."

दीदीचा पुढचा सामना एका नव्या मुलीशी होता, उजव्या हाताच्या. वडिलांनी काकांना आणि आणखी दोघांना बोलावलं होतं. मोबाइल डब्याला टेकवून टेबलावर ठेवला. पहिला गेम दीदीनं सहज घेतला. दुसऱ्यात ती मुलगी सावरली, आणि दीदी दबावाखाली आली तशी मला ते दिसायला लागलं. अडचणीत सापडली की ती शटल स्वतःच्या डाव्या कोपऱ्याकडं, म्हणजे समोरचीच्या उजव्या बाजूला टाकत होती. डावखुऱ्या खेळाडूची ती कच्ची बाजू. उजव्या हाताच्या खेळाडूची मात्र तीच जोराची. मी समोर असताना तिनं दिवसभर तेच घोटलं होतं. शटल तिथं जायचं आणि ती नवी मुलगी ते जोरात खाली आपटायची.

"तिकडं नको!" मी मोबाइलला सांगत होते. "उजवीकडं टाक, उजवीकडं!"

तिसऱ्या गेममध्येही तेच झालं. दीदी हरली. हात मिळवून, बॅग उचलून, खाली बघत निघून गेली.

मग काका सहज म्हणाले, "तुझ्याबरोबरच सराव केला होता ना तिनं?"

त्यांना काही टोचून बोलायचं नव्हतं. पण मी उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ती हरल्याचं वाईट वाटत होतं, तिच्या हरण्यात माझा हात होता याचंही, आणि एवढं करून तो हात कुठंच दिसला नाही याचं सगळ्यांत जास्त.

पुढच्या महिन्यात सांगलीला राज्य स्पर्धा होती. आयोजकांनी माईकवर माझी ओळख 'गेम्सच्या संघासोबत राहिलेल्या' अशी करून दिली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत समोर एक अकरावीतली मुलगी होती. आधी मी तिला दोनदा हरवलं होतं. तिला पळवायचं, दमवायचं, बस. पण शटल मागे आलं की माझा हात त्या परदेशी मुलीसारखा कोपर वर घेऊन कापून मारायला जायचा. सरांसमोर ते जमत होतं कारण पुढं काय येणार हे दीदीला आणि मला दोघींनाही ठाऊक असायचं. इथं शटल जाळ्यात जाऊन बसत होतं. उंच लिफ्ट टाकायची असं मनात ठरवून टाकली, तर ती अर्ध्यातच पडली. हात आखडायचा. तसं करायची मनाई त्या हाताला अजून होती.

मी सरळ दोन गेममध्ये हरले. बाहेर येऊन रॅकेट बॅगेत कोंबताना तिची तार तटकन तुटली, आणि मी ती बॅग भिंतीवर फेकली. वडील सोबत आले होते. त्यांनी बॅग उचलली, झटकली.

"अप्पा, एकदा तरी म्हणा की माझ्यावर अन्याय झाला."

ते बराच वेळ बॅगेची चेन लावत बसले. मग म्हणाले, "झाला. पर मी म्हणून काय हुतंय, पोरी? मी कुणालाबी ओळखत न्हाई तिथं."

ते कुंड्यांना पाणी का घालत बसले होते, ते मला तेव्हा कळलं. राग मात्र गेला नाही, नुसती त्याची दिशा बदलली.

दिवाळीच्या सुमारास दीदीचा फोन आला. म्हणाली, "तुला नेलं नाही ते मला आवडलं नव्हतं. मी सरांना बोलले होते."

"जोरात बोलला होतात का?"

"माझंसुद्धा सगळं त्यांच्याच हातात असतं," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, पुढच्या मोसमासाठी पुन्हा शिबिर आहे, पुन्हा एक डावखुरी लागणार आहे, सर माझं नाव घेत होते. मी नाही म्हणाले. तिनं कारण विचारलं नाही.

तेव्हापासून मी माझीच लिफ्ट पुन्हा शिकते आहे, सकाळी मुलांच्या बॅचच्या आधी. काही दिवस जमते, काही दिवस नाही.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी मुलीचा फोन आला. दुसऱ्या राज्यातली, कोवळ्या आवाजाची. शिबिरात माझ्या जागी तिला घेतलं होतं. दीदीकडून नंबर मिळाला म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. स्पर्धेला नेणार की नाही ते आत्ताच स्पष्ट विचारून घे म्हटलं.

"मला नेणारच आहेत, ताई," ती म्हणाली. "सरांनी स्वतः सांगितलंय."

मी म्हटलं, "बरं. मग एक कर. रोज थोडा वेळ तरी स्वतःचा खेळ खेळत जा. एकटी भिंतीवर खेळलीस तरी चालेल."

"वेळच नाही मिळत हो. संध्याकाळी व्हिडिओ बघायचे असतात ना," ती म्हणाली. मागून कुणीतरी तिला एका परदेशी नावानं हाक मारली, आणि "आले, आले" म्हणत तिनं फोन ठेवला.