कापसाच्या खोलीतली भुरी

इंदुताई तोंडानं कधी साप म्हणत नाहीत. फार तर ‘लांबडं’ म्हणतात, तेही दिवसाउजेडी आणि पाय खाटेवर घेऊन. आर्णीजवळच्या त्यांच्या गावात याची यथेच्छ थट्टा होते. शेतात त्या काठी आपटत चालतात, चपला झटकून घालतात आणि घरच्या कापसाच्या खोलीत बाहेरूनच डोकावतात. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हंगामात त्यांनी कापसाच्या ढिगात हात घातला आणि हाताखालून काहीतरी थंडगार सरकत गेलं. चावलं नाही. चावलं असतं तर एकदाच चावलं असतं, असं त्यांना कधी कधी वाटतं. ही भीती तर रोज उठून चावते.

यंदा त्या खोलीत उंदीर माजले. उंदरांच्या मागोमाग कोण येतं हे इंदुताईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी मुलगा अमर यवतमाळला मावसबहिणीकडे, निशिगंधाकडे गेला. ती रस्त्यावरची मांजरं आणून जगवते आणि चांगलं घर पाहून देते. टोपलीवर जाळी बांधून त्यानं दोन आणली, लाल्या बोका आणि राखाडी भुरी. निशिगंधानं बजावून सांगितलं होतं की आधी एकाच शांत खोलीत ठेवा, लपली तर ओढून काढू नका, नुसतं जवळ बसा.

घरात शांत खोली एकच, कापसाची. अमरनं तिथंच टोपली उघडली.

लाल्या लगेच दुधावर आला आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा मालक झाला. भुरी मात्र ढिगात शिरली ती शिरलीच. सकाळी तिची ताटली रिकामी दिसायची, तेवढीच काय ती खूण. इंदुताई उंबऱ्याबाहेर पाट टाकून तिच्याशी घरभरचं बोलत बसायच्या. आत जायची काही छाती होत नव्हती.

अशातच एका सकाळी व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहिली. सौदा ठरल्याचं अमर सांगायला विसरला होता. कापूस हलला की मांजर आपोआप पळेल, असं म्हणून त्यानं हमालांना आत सोडलं. कवेत भरून उचललेल्या कापसाच्या कवळ्या गाडीत पडू लागल्या आणि वरचा माणूस त्या पायांनी दाबू लागला. ढीग निम्मा झाला तरी भुरी पळाली नाही. भ्यालेला जीव पळत नाही, जागीच थिजतो. इंदुताई स्वतः त्या पहिल्या हंगामात ढिगात हात घालून तशाच थिजल्या होत्या. एखाद्या कवळीत ती गाडीत गेली असेल, तर त्या पायांखाली काय उरेल?

त्यांनी काम थांबवलं. कुणीतरी ढिगात काठी खुपसायला निघाला.

“काठी नोको घालू,” इंदुताई म्हणाल्या. “भेली हाये थे.”

आणि मग पदर खोचून त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. गुडघे टेकले. हात थरथरत होता, तो त्यांनी कोपरापर्यंत आत घातला, मग खांद्यापर्यंत. ढिगाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. फुस्स आवाज आला. हमाल झटकन मागं सरले, अमर हात काढ म्हणून ओरडला. इंदुताईंनी डोळे गच्च मिटले. त्याच क्षणी बोटात काहीतरी रुतलं, खोल आणि धारदार. आता संपलं, असं त्यांना स्पष्ट वाटलं. तरी हात मागं आला नाही. आपला हात आपलं ऐकत नाही म्हणून त्या आणखीच घाबरल्या.

मग बोटांना केस लागले. ऊब लागली. त्यांच्या हातासारखाच थरथरणारा एक लहानसा देह.

अमर म्हणाला, “सापडली न? मंग ओढ तिले बाहेर, गाडी खोळंबली हाये.”

“राहू दे गाडी. भेव असं ओढून निघत नसते, बाप्पा.”

बोटाचं रक्त कापसाला लागत होतं. हमाल अंगणात चहाला बसले आणि इंदुताई खांद्यापर्यंत हात कापसात घालून तशाच बसून राहिल्या.