उजव्या बाजूचं झाकण

फिटरला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो मोटारसायकलपाशी जमिनीवर आडवा पडलेला होता, आणि म्हणूनच वहिनींना ते बराच वेळ कळलं नाही. तो नेहमीच तिथे आडवा पडलेला असायचा. त्याचे पाय ओलांडून त्या बाल्दी भरून आणायला गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाना त्याच्या हातातून सुटून ऑइलच्या ट्रेमध्ये पडलाय आणि तो शिवी देत नाहीये.

गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. नवरा कागदाच्या गिरणीत जन्मभर फिटर होता, म्हणून तो फिटर. वहिनी स्वतः शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायच्या आणि कापायच्या. एकुलती एक लेक लग्न होऊन दूर गेलेली, ती फोनवर भेटायची. घरात उरली होती ती दोघं आणि मोटारसायकल.

ही मोटारसायकल फिटरहूनही वयाने मोठी. गिरणीच्या गोदामात गंजत पडली होती, ती त्याने ढकलत घरी आणली आणि थेट पुढच्या खोलीत उभी केली.

"मग कपाट कुठे ठेवायचं?" वहिनींनी तेव्हा विचारलं होतं.

"कपाट कुठेही राहील. त्याला काय चालवायचंय?"

कपाट स्वयंपाकघरात गेलं. लेकीचा अभ्यास कपाटाला टेकून झाला. आणि गाडी पुढच्या खोलीत राहिली, तीही गळत. इंजिनाच्या उजव्या अंगाला बशीएवढं एक झाकण होतं, त्याच्या आसपास कुठून तरी काळं ऑइल पाझरायचं आणि खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जमा व्हायचं. दर सुट्टीच्या दिवशी फिटर ते झाकण उघडायचा, त्याला लाल चिकट लेप लावायचा, बोल्ट दात-ओठ खाऊन आवळायचा आणि म्हणायचा, "आज धरलं बघ!" दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे भरलेला. मग म्हणायचा, "जुनं इंजिन आहे, गळणारच. गळायचं थांबलं, की समजावं आतलं ऑइल संपलं." पाहुणे हसायचे. वहिनी ट्रे रिकामा करायला उचलायच्या.

घरातले टॉवेल, चादरीचे तुकडे, लेकीचे जुने फ्रॉक, सगळं त्या इंजिनाने पुसायला नेलं. लेकीच्या लग्नासाठी वहिनींनी स्वतः बेतलेला पांढरा रेशमी कपडा टेबलावर पसरला होता, त्याच्यावर फिटरने येता-जाता हात टेकला. पाचही बोटं उमटली. "धुतलं की निघेल," तो म्हणाला आणि पाना घेऊन गेला. ते निघालं नाही. वहिनींनी तेवढा भाग आत दुमडून शिवला. लेक लग्नात खुशीत होती, तिला कुणी काही सांगितलं नाही.

तर झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला. जीभ काही दिवस जड होती, पण ती सुटली, आणि सुटली ती जुन्याच वळणावर. इस्पितळातून आणल्यावर खाट पुढच्या खोलीतच टाकावी लागली, कारण आतल्या दारातून चाकांची खुर्ची जात नव्हती. आता तो खाटेवर आणि समोर ती मोटारसायकल. दोघांच्या मधे चालायला हातभर जागा.

व्यायाम शिकवायला एक बाई यायची. एकदा त्याला काठीवर उभं करताना तिचाच पाय ऑइलवरून सटकला. ती खाटेचा गज धरून वाचली. जाताना तिने वहिनींना दारात स्पष्टच सांगितलं, "काकू, या खोलीत एक तर हे चालतील, नाही तर ही गाडी राहील. पडले तर कंबर मोडेल, मग मी काही करू शकणार नाही."

वहिनींनी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवायचं ठरवलं. फिटरने अख्खी गल्ली ऐकेल असं तोंड वाजवलं. "स्कूटरी दुरुस्त करणारा तो माझ्या इंजिनाला हात लावणार? मी मेल्यावर बोलाव त्याला!"

"मग काय करू? तुम्हाला पडू देऊ?"

फिटर छताकडे बघत म्हणाला, "तू कर. मी सांगतो तसं. तुला अक्कल चालवायची गरज नाही, नुसते हात चालव."

वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा तो पाना हातात घेतला. इतकी वर्षं त्याला हात लावायची सोय नव्हती. लावला तर वस्तू जागची हलली म्हणून घर डोक्यावर घेतलं जायचं.

पहिल्या वेळी त्यांनी अगदी तो म्हणाला तसंच केलं. झाकण काढलं, लाल लेप जाडजूड थापला, झाकण बसवलं. "आवळ!" तो खाटेवरून ओरडला. "आणखी! जेवली नाहीस का? आणखी आवळ!" वहिनींच्या मनगटात कळ गेली. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये ऑइल.

"बायकांच्या हातात जोरच नसतो," फिटर म्हणाला.

ते वाक्य वहिनींच्या डोक्यात गेलं. कापड कापताना त्या रोज जो विचार करायच्या तोच त्यांनी इथे केला: आधी चूक नेमकी कुठे आहे ते बघायचं, मग कात्री लावायची. सुट्टीच्या दिवशी त्यांनी रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन इंजिनाची उजवी बाजू घासून लख्ख केली. कोरड्या फडक्याने पुसली. मग न्हाणीघरातून पावडरचा डबा आणला आणि सगळ्या झाकणावर भुरभुरला.

"हे काय नाटक? बाळंतपण आहे का त्याचं?" फिटर म्हणाला.

गल्लीतल्या ट्रकवाल्याला वहिनींनी दारातून हाक मारून गाडीला किक मारायला लावली. इंजिन धडधडलं, भांडी वाजली. जरा वेळाने पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटली. चहूकडून नाही. एकाच जागेवरून, झाकणाच्या खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टपाशी.

त्यांनी झाकण पुन्हा उघडलं. वर्षानुवर्षं एकावर एक चढलेले लाल लेपाचे थर नखाने आणि लाकडी पट्टीने खरवडून काढले. मग कपाटातली काचेची फळी आणून झाकण तिच्यावर पालथं ठेवलं आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. दुसरा कोपरा टकटक वाजला. झाकण वाकलेलं होतं. जोर लावून लावून, दात-ओठ खाऊन आवळून, ज्याने ते बसवलं त्यानेच ते वाकवलं होतं.

वहिनींनी मान वर केली. फिटर त्यांच्याकडेच बघत होता.

"बाक आलाय," त्या म्हणाल्या.

"मूळचंच तसं असणार," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढे संध्याकाळच्या वेळी, कारखान्यातून आल्यावर, त्या जमिनीवर बसून ते झाकण घासत. काचेवर बारीक पॉलिश पेपर, त्यावर ऑइलचे थेंब, आणि झाकण गोल गोल फिरवायचं. जोर नाही, नुसता हात. घासलेला भाग चकाकायचा, खड्ड्याचा भाग काळा राहायचा. काळा भाग रोज थोडा आकसत गेला. एक दिवस तो उरला नाही. मग जाड कागद झाकणाच्या कडेवर ठेवून बोटाने दाबला, कडेचा ठसा उमटला, आणि झाकणाखाली घालायचं कागदी अस्तर कापायला त्या ठशावरून त्यांनी कात्री चालवली.

"गॅस्केट आहे ते, कॉलर नव्हे," फिटर म्हणाला.

"कॉलर याहून अवघड असते," वहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्याला उलट उत्तर देऊन त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

लेप लावला नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, आणि जिथे हाताला पुरे वाटलं तिथे थांबल्या. फिटरचं "आणखी, आणखी" चालू होतं, ते त्यांनी रेडिओवरच्या बातम्यांसारखं चालू दिलं.

त्या आठवड्यात फिटरचे जुने गाडीवाले मित्र त्याला भेटायला आले. सगळे जुन्या मोटारसायकलींचे वेडे. त्यातले मिशीवाले सगळ्यांत वयस्क, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी किक मारली, इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, मग वाकून खाली बोट फिरवलं. बोट कोरडं.

"अरे बापरे," ते म्हणाले. "हे कधी झालं?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता तो बोलेल. खाटेवर पडून दुसरं काय करायचं होतं त्याला? एवढंच म्हणायचं होतं, की हिने केलं.

"जमवलं," फिटर म्हणाला. "डाव्या हाताने. वेळ लागला."

"मानलं!" मिशीवाल्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "एक हात गेला तरी उस्ताद तो उस्तादच!"

"मी केलं ते," वहिनी म्हणाल्या.

मिशीवाले मोठ्याने हसले. "केलंच असणार वहिनी, तुमच्या चहाशिवाय फिटरचं कुठलं काम झालंय!" सगळे हसले. फिटरही हसला, वाकड्या तोंडाने, पण मनापासून. वहिनींनी कप वाटले. एकाने बिस्किट आहे का विचारलं. त्यांनी तेही आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या कामावरून आल्या तर दार लोटलेलं आणि आत ऑइलचा भपका. फिटर खाटेवर नव्हता. तो जमिनीवर बसला होता, पाय ऑइलमध्ये, डाव्या हातात हातोडी. काठी पलीकडे पडलेली. काठीवर उभं राहायला व्यायामवाल्या बाईने एवढ्या मिनतवाऱ्या केल्या तरी जो उठत नव्हता, तो आज एकटा खाटेवरून उतरून तिथवर सरपटत गेला होता. झाकणाला मधोमध तडा गेला होता आणि त्यातून ऑइल धार धरून वाहत होतं.

वहिनींना वाटलं तो पडला. त्या धावल्या. मग त्यांना हातोडी दिसली आणि त्या थांबल्या.

"काय केलंत हे?"

त्याला धाप लागली होती. चेहऱ्यावर घाम होता, आणि झटक्यानंतर कधी दिसलं नव्हतं असं समाधान होतं. "गळतंय ना?" तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना, ते गळणारच."

वहिनी उंबऱ्यावर बसल्या. त्यांना रडू आलं नाही. ऑइल त्यांच्या चपलेपर्यंत आलं, तरी त्यांनी पाय मागे घेतला नाही. बऱ्याच वेळाने उठून त्यांनी नवऱ्याला काखेत धरून उचललं, पुसलं, कपडे बदलले, खाटेवर निजवलं. तो सबंध वेळ बोलत होता, झाकण नवीन मिळेल, मिशीवाल्याच्या ओळखीचा एक ओतकाम करणारा आहे, मी सांगतो तसं कर. वहिनींनी खोलीत राख टाकली आणि दार ओढून घेतलं.

सकाळी त्यांनी मिशीवाल्यांना फोन केला. "गाडी घेऊन जा," म्हणाल्या. "अशीच. कायमची." त्यांना वाटलं वहिनी थट्टा करताहेत. या खेपेला वहिनींनी ते दोनदा सांगितलं. दुपारी टेम्पो आला. फिटर खाटेवरून शिव्या देत होता, मग विनवण्या करू लागला, आणि टेम्पो सुरू झाल्यावर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मिशीवाल्यांनी मान खाली घातली आणि वहिनींकडे न बघता निघून गेले.

गल्लीत बोलणं झालं. आजारी माणसाचा एकुलता एक आनंद बाईने घरातून काढला. व्यायाम शिकवणारी बाई मात्र खूश झाली, खोली मोकळी झाली म्हणाली. पण फिटर काही चालला नाही. काठी भिंतीला टेकलेली असायची आणि तो रिकाम्या जागेकडे बघत पडायचा.

महिन्याभरात लेकीचा फोन आला. तिला बापाने आधीच सगळं सांगितलं होतं, त्याच्या परीने.

"आई, तेवढंच तर होतं गं बाबांना," ती म्हणाली. "तुला इतकं का खुपलं ते?"

वहिनींच्या तोंडाशी बरंच काही आलं. पण लेक दुसऱ्या टोकाला रडत होती, आणि तिचा आवाज हुबेहूब बापासारखा झाला होता.

"घे, त्यांच्याशी बोल," वहिनी म्हणाल्या आणि फोन फिटरच्या डाव्या हातात देऊन भाजी चिरायला आत गेल्या.