एका थेंबाची ओल

ते मूठ दाबायचे. गांडुळांच्या टबातला ओला चुरा मुठीत घ्यायचा, दाबायचा आणि बोटांतून काय पडतं ते बघायचं. एक थेंब पडला की मान हलवायचे. "हौ. एकच थेंब. दोन पडले तर बुडतात, एकही नाही पडला तर सुकतात." हे बोलणं मी अकरा वर्षं जिन्यात उभा राहून ऐकलं. जवळ जाऊन नाही.

त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून इथंही नाव लिहीत नाही. हैदराबादेत काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन ते अंबरपेठेत आमच्या बिल्डिंगीत, वरच्या मजल्यावर राहायला आले. नांदेडकडचे बौद्ध. आम्ही बिदरकडचे, शेतीवाले. मी बसडेपोत फिटर होतो, शाळा चौथीपर्यंत. सरळ सांगतो, मी त्यांच्या घरचा चहा घेत नव्हतो. त्यांनी बोलावलं की म्हणायचो, आत्ताच झाला. का, ते त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

बायको मात्र रोज वर जायची. तिला साखरेचा आजार, घरात मी तिला चहात साखर घालू देत नव्हतो. वर जाऊन गोड चहा पिऊन यायची आणि मला सांगायची, गांडुळं बघायला गेले होते. पुढं त्यांनी तिला खरंच मूठभर गांडुळं दिली. लाल, बारीक, दोऱ्यासारखी. त्यांनी सांगितलं तसं तिनं घरी एका जुन्या प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडली, तळाशी नारळाचा काथ्या घातला, त्यावर फाडलेला पेपर. वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं. डबा स्टुलावर ठेवला आणि स्टुलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट.

भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा धुतलेला चोथा चालायचा. मीठ, तेल, लिंबू, चिंच नक्को. बायको हसायची, हैदराबादेत राहून चिंच नको म्हणणारी ही एवढीच.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला घाई म्हणून नसते. पेपरच्या पट्ट्या फाडायला बसले की आधी ते पान पूर्ण वाचायचे. कुणा गेलेल्या माणसाचा फोटो दिसला तर तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवायचे. "माणूस आहे हो," म्हणायचे, "त्याला कुठं कुजवता?"

मग बायको गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गावाकडच्या नातवाचं शिक्षण बघीन म्हणालो, तंबाखू सोडीन म्हणालो. कावळे होते, तारेवर बसून बघत होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेराव्याला तिच्या नावाचं पान गच्चीवर ठेवलं. तिला आवडायचं ते सगळं वाढलेलं होतं, चिंचगुळाची आमटी, भजी, लिंबू, लोणचं. संध्याकाळपर्यंत तसंच. तिचं पान कचऱ्यात टाकायला हात होईना. मी ते तिच्या गांडुळांच्या डब्यात रिकामं केलं. म्हटलं, तिचं तिला.

दोन दिवसांनी सकाळी उठलो तर कापड एका बाजूनं उचकटलेलं, गांडुळं बाहेर. डब्याच्या कडेवर, स्टुलावर, फरशीवर. वाट्यांत पडून बुडालेली. फरशीवरची रांग दारापर्यंत गेली होती. दाराशी तिच्या चपला होत्या, मी हलवल्या नव्हत्या. चपलांपाशी तीन गांडुळं वाळून पडली होती.

मी तिथंच खाली बसलो. मला वाटलं, ती रागावून निघून चाललीय.

ते जिना उतरत होते, उघड्या दारातून त्यांनी बघितलं. चौकटीबाहेरच थांबले. त्यांनी न विचारताच मी सगळं सांगून टाकलं, कावळ्याचं, पानाचं, चपलांचं. ते हसले नाहीत.

"वहिनी गेल्या," ते म्हणाले. "ही अजून जित्ती आहेत. आधी यांचं बघू. आत येऊ का?"

अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं, तेही विचारून.

हातानं सगळं आंबलेलं अन्न काढलं. वास असा की मी तोंड फिरवलं, त्यांनी नाही. कोरडा काथ्या, पेपरच्या पट्ट्या, अंड्याच्या टरफलांची पूड घातली. झाकलं नाही, वर दिवा टांगला. "उजेड यांना सोसत नाही. वर उजेड ठेवला की आपोआप खाली जातात. पळत नव्हती हो, आत जीव घुसमटत होता म्हणून बाहेर आली."

मूठभरच वाचली. तिच्या हातचं जिवंत एवढंच घरात उरलं होतं.

हात धुताना मी म्हणालो, "तिचं काय राहिलं तेच कळेना."

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "एक राहिलं होतं. तुम्ही एकदा वर चहाला यावं, असं म्हणायच्या."

मी म्हणालो, बघू.

बघू म्हणत वर्ष काढलं. ते आठवड्याला येऊन डबा बघायचे, मूठ दाबायचे, एक थेंब म्हणायचे आणि जायचे. चहाचं परत काढलं नाही. मी मात्र रोज रिकाम्या घरात तिला सांगायचो, जाईन. चपला तिथंच होत्या.

या थंडीत ते गेले. सकाळी पेपर फाडता फाडता, खुर्चीतच.

चौथ्या दिवशी मी वर गेलो. त्यांच्या टबाचं झाकण काढलं, चुरा मुठीत घेतला, दाबला. एक थेंब पडला. चार दिवस कुणी हात लावला नव्हता, पाणी त्यांनीच शिंपडलेलं होतं.

त्यांची सून चहा घेऊन आली. कप कोरा, बाजूला चिकटवलेला कागदही निघाला नव्हता.

"हा नवाच आहे, काका. मामांनी तुमच्यासाठी आणून ठेवला होता. घरात कुणी वापरला नाही."

सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मी कप खाली ठेवला. मग म्हणालो, "ओत यातला. त्यांच्या रोजच्या कपात दे."

ती आत गेली. मग कडेला टवका उडालेला एक कप आणला. चहा मरणाचा गोड होता. मी सगळा प्यालो. निघताना तिच्याकडून गाळणीतला चोथा मागून घेतला. खाली येऊन तीन पाण्यांनी धुतला आणि डब्यात एका कोपऱ्यात ठेवला.

रोज कापड सोडून बघत होतो. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, तर चोथ्याभोवती सगळी जमली होती, एकमेकांत गुंतून, लाल.

मी कापड परत ताणून बांधलं. मग दाराशी गेलो आणि तिच्या चपला उचलून आत ठेवल्या.