बायकांच्या दवाखान्याचं दार

गॅरेजमधला वेल्डर जन्माला आला तो मुलगी म्हणून. ‘पुरुष’ असा कागद मिळेपर्यंत त्यानं कोर्टाचे उंबरठे झिजवले. छातीचं ऑपरेशन झालं, दाढी आली, धाकटी बहीण ताईऐवजी दादा म्हणू लागली. गर्भाशय काढायचं तेवढं राहिलं, आणि आता नेमकं तेच उलटलं. रक्त थांबेना.

बायकांच्या दवाखान्याच्या दारात रखवालदारानं हात आडवा घातला. “पुरुषांनी बाहेर बसायचं.”

वेल्डरनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. रखवालदारानं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. “यावर तर पुरुष लिहिलंय. माझी नोकरी घालवता का राव?”

खिडकीवरच्या बाईनंही पुरुषाच्या नावानं केसपेपर काढायला नकार दिला. कायद्यानं पुरुष झाला, एवढंच त्याचं चुकलं.

“दादा, तू बस,” बहीण म्हणाली. “मी माझ्या नावानं जाते. निदान औषध तरी मिळेल.”

आत तिनं त्याचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगितलं. कळ कुठून उठते, रक्त किती जातं, काही म्हणून राखलं नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी तिला नीट तपासलं, सोनोग्राफीही केली.

ती बाहेर आली तेव्हा वेल्डर पोट धरून बाकावर वाकला होता. शेजारी बसलेला कुणाचा तरी नवरा त्याला धीर देत होता, “पहिलंच बाळ का? होतं असं.”

“काय म्हणाल्या?” वेल्डरनं मान वर करून विचारलं.

बहिणीनं रिपोर्ट त्याच्या हातात दिला. “काही झालेलं नाही म्हणाल्या. सगळं ठणठणीत आहे.”